व्याख्यान नको, विषय सोपवा

प्रति,
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
मा. अधिष्ठाता, वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा,
आणि विद्यापीठाशी संलग्न व्यवस्थापन संस्थांचे सर्व संचालक

सविनय नमस्कार.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे हिशेब, बँका आणि कर सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर मी संलग्न संस्थांमध्ये एमबीएच्या मुलांना अभ्यागत शिक्षक म्हणून वित्त शिकवतो. त्या अनुभवावरून आपल्याकडे एक मागणी करतो आहे, आणि ती सर्वांसमोर करावी असं वाटलं म्हणून हे खुलं पत्र. उद्योगातल्या अनुभवी माणसांना तासाभराच्या भाषणासाठी बोलावणं कमी करा. त्याऐवजी त्यांच्याकडे एक अख्खा विषय, पूर्ण सत्रासाठी, नियमित प्राध्यापकाच्या जोडीने सोपवा.

आज बहुतेक संस्थांमध्ये उद्योगाचा वर्गाशी येणारा संबंध अतिथी व्याख्यानापुरता असतो. सभागृहात दोन-तीन तुकड्या एकत्र बसवलेल्या असतात. पाहुण्यांची ओळख, पुष्पगुच्छ, मग पाऊण-एक तासाचं भाषण. वक्ता मोठ्या पदावरचा असतो, त्यामुळे बोलणं ओघाने कंपनीच्या वाटचालीवर आणि यशाच्या सूत्रांवर जातं. प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं उरतात, त्यात धीट मुलं नोकरीबद्दल विचारतात. फोटो निघतो, अहवाल लिहिला जातो, मान्यतेच्या फायलीत एक नोंद वाढते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. बोलावणारे शिक्षक धावपळ करतात, येणारा माणूस कामाचा दिवस मोडून येतो. तरी दुसऱ्या दिवशी त्या मुलांना विचारावं की काल जे ऐकलं त्याने तुमच्या अभ्यासातलं नेमकं काय बदललं, तर उत्तर मिळत नाही. मिळणार तरी कसं? वक्त्याला त्यांचा अभ्यासक्रम माहीत नव्हता, मुलांना त्याच्या कामातले आकडे दिसले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात चुकलेलं समजावायला तो परत येणार नव्हता.

मी जे म्हणतो आहे ते एका विषयावरून सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही.

खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला अडकून राहणारा पैसा, पुस्तकात एका सूत्रात येतं. कच्चा माल पडून राहण्याचे दिवस, माल तयार होऊन विकला जाण्याचे दिवस आणि उधारीचे दिवस मिळवायचे, आणि आपल्याला पुरवठादाराने दिलेली मुदत वजा करायची. सूत्र बरोबर आहे, मुलांना ते आलंच पाहिजे, आणि आमचे प्राध्यापक ते उत्तम शिकवतात. त्यानंतर मी फळ्यावर भोसरीतला एक कल्पित प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा कारखाना, मांडतो. त्याने एप्रिलच्या शेवटी एका मोठ्या वाहन कंपनीला १ कोटी रुपयांचा माल पाठवला. त्यावर १८ टक्क्यांनी १८ लाख रुपये जीएसटी. या मालासाठी त्याने ७० लाखांचं पोलाद घेतलं होतं, त्यावर १२ लाख ६० हजार रुपये कर मोजला होता. तो वजा जाता ५ लाख ४० हजार रुपये २० मेपर्यंत सरकारजमा करायचे. कंपनीचे पैसे मात्र जुलैअखेर येणार. पोलादाच्या व्यापाऱ्याने उधारी दिली आहे ती जेमतेम पंधरा दिवसांची. कामगारांचे पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवेत, भविष्य निर्वाह निधी १५ तारखेपर्यंत. यंत्रासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता वेगळाच.

आता बँक. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याची, मर्यादा मंजूर असली तरी प्रत्यक्ष उचल किती करता येईल हे ड्रॉइंग पॉवरवर ठरतं, आणि ती महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे शिल्लक माल आणि येणी यांच्या विवरणावरून, निघते. त्यात ९० दिवसांहून जुनी येणी बँक सहसा धरत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे लांबवले की कारखानदाराला बँकेची गरज वाढते, आणि नेमकी तेव्हाच बँकेची उचल आटते. सूत्रात उधारीचे दिवस वाढले की भांडवलाची गरज वाढते एवढंच दिसतं. गरज वाढताना पुरवठाही आक्रसतो, हा दुहेरी फटका सूत्रात दिसत नाही, तो स्टॉक स्टेटमेंट स्वतः भरल्यावर दिसतो. म्हणून मी मुलांना ते भरायला लावतो. कोऱ्या तक्त्यावर, कल्पित पण खऱ्यासारख्या आकड्यांनी.

एका वर्गात हे चाललं असताना, घरचं किराणा दुकान असलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, माल दोन दिवस थांबवून मे महिन्यात पाठवला तर? कर महिनाभर पुढे जाईल ना?" प्रश्न उत्तम होता. माल निघताना किंवा त्याआधी बिल काढणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कराची तारीख बदलायची तर माल खरोखर थांबवावा लागतो. माल थांबवला की गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन थांबण्याचा धोका. लाइन थांबली तर त्याचा भुर्दंड डेबिट नोटने पुढच्या बिलातून कापला जातो, आणि पुरवठादाराच्या मानांकनावर डाग पडतो तो निराळाच. वाचलेलं व्याज किती, गमावलेलं काय? वर्गातल्या मुलांनी मिळून दोन्ही बाजूंचा हिशेब केला. वित्ताच्या तासात उत्पादन, मालवाहतूक आणि करकायदा एकत्र आले. अभ्यासक्रमात हे चार वेगळे विषय आहेत, कारखान्यात ते एकाच टेबलावर येतात.

त्याच धड्यात कायद्याची दुसरी बाजूही यावी लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ही तरतूद बरीच वर्षं पुस्तकात पडून होती, कारण ज्याच्यावर पोट चालतं त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कुणी धजावत नव्हतं. मग २०२३ च्या वित्त अधिनियमाने ती आयकराशी बांधली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च, ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी, करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार. लगेच खरेदी विभागांच्या वागण्यात फरक पडला. काहींनी पैसे वेळेवर द्यायला सुरुवात केली, काही जण लहानांना सोडून मध्यम आकाराचा पुरवठादार शोधू लागले, कारण ही तरतूद फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरती आहे. बिलं वटवण्याच्या ट्रेड्स या व्यासपीठावर २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आता नोंदणी सक्तीची आहे. एक नियम बदलला की बाजार कसा वळसा घेतो, हे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने शिकायचं नाही तर कुणी? आणि हे ताजं असतानाच शिकवायला हवं. पुस्तकाची पुढची आवृत्ती येईपर्यंत बाजार आणखी पुढे गेलेला असतो.

एवढा सगळा मजकूर तासाभराच्या भाषणात मावत नाही. तीन श्रेयांकांच्या विषयाला साधारण ४५ तास मिळतात. त्यातले अर्धे जरी प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाकडे असले, तरी मुलं चुका करतील, त्या तपासल्या जातील, पुन्हा करून घेता येतील. अंतर्गत मूल्यमापनात त्याचा वाटा असेल तर मुलं ते गांभीर्याने घेतील. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा मुलं ऐकून सोडून देतात, याचा दोष त्यांना देता येत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला, प्राध्यापकाला लागणारी औपचारिक पदवी किंवा शोधनिबंध नसले तरी, नेमता येतं. अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतात. मानधन उद्योगाने द्यावं, संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यावं किंवा काम मानद असावं, असे तिन्ही मार्ग खुले आहेत. नेमणूक सुरुवातीला एका वर्षापर्यंतची, एरवी जास्तीत जास्त तीन वर्षं आणि अपवादात्मक परिस्थितीत चौथं. आयोगाने मे २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केलं, जिथे अनुभवी माणसं स्वतः नोंदणी करू शकतात. अभ्यासक्रम घडवणं, शिकवणं, नियमित शिक्षकांबरोबर कार्यशाळा घेणं ही कामं त्या तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलेली आहेत. दार उघडं आहे. संलग्न संस्थांपर्यंत ते पोहोचवण्याची यंत्रणा विद्यापीठाने उभी करावी, एवढंच मागणं आहे. एकेकट्या संस्थेला चांगली माणसं शोधणं, पारखणं आणि टिकवणं परवडत नाही. विद्यापीठाने विषयवार एक सूची ठेवली तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या संस्थांनाही त्याचा उपयोग होईल, जिथे पुण्याइतकी निवृत्त व्यवस्थापकांची वस्ती नाही.

इथे एक गोष्ट मी ठामपणे मांडू इच्छितो, कारण तिच्याशिवाय ही सगळी मागणी घातक ठरेल. अनुभवी माणसं आणून नियमित प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा झाकू नका. आयोगाच्या तत्त्वांतही ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची आहेत आणि नियमित भरतीवर त्यांचा परिणाम होऊ नये असं म्हटलं आहे. सेट-नेट झालेले, पीएच.डी. केलेले तरुण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताना मी जवळून पाहतो. मानधन महिनोन्‌महिने अडकतं, पुढच्या वर्षीची शाश्वती नसते. निवृत्तिवेतन आणि साठवणीवर जगणारा माझ्यासारखा माणूस कमी पैशांत किंवा फुकट शिकवायला तयार होतो म्हणून त्या तरुणांची जागा भरली गेली, तर मी शिकवू नये हेच बरं. विभाग टिकतो तो त्यांच्यामुळे. प्रवेशापासून निकालापर्यंत मुलांच्या सोबत ते असतात, मी आठवड्यातून दोन दिवस येतो.

म्हणूनच माझा आग्रह जोडीचा आहे. एक नियमित प्राध्यापक आणि एक व्यवसायातला माणूस, दोघांनी मिळून एक विषय. कोणता घटक कुणी घ्यायचा हे सत्र सुरू होण्याआधी बसून ठरवायचं, काही तास दोघांनी एकत्र घ्यायचे, प्रश्नपत्रिका आणि मूल्यमापन दोघांचं. मी ज्या सहकारी प्राध्यापिकेबरोबर शिकवलं, त्या मला वारंवार एकच प्रश्न विचारायच्या: हे तुमच्या कारखान्यात घडलं म्हणून सगळीकडे घडतं का? त्या प्रश्नाने माझ्या अनेक ठाम विधानांना पुरावा शोधायला लावला. काही टिकली, काहींना मर्यादा घालाव्या लागल्या. व्यवसायात माणूस थोड्या उदाहरणांवरून खूप मोठे निष्कर्ष काढतो आणि ते खरे वाटतात, कारण त्यावर पगार चाललेला असतो. संशोधनाची शिस्त असलेला माणूस शेजारी हवाच. उलट त्यांना माझ्याकडून ताळेबंदामागची माणसं मिळाली, आणि मार्चअखेरीस विक्रीचा आकडा कसा फुगतो हे पाहायचं कुठे तेही.

हे नातं पुण्याला नवं नाही. धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, आणि त्याच वेळी विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही. पुढे १९६६ मध्ये ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अर्थशास्त्राचा अभ्यासक कारखान्याच्या अध्यक्षपदी बसू शकतो, तर कारखान्यातला माणूस वर्गात का येऊ नये? मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था १९३४ पासून या शहरात आहे. विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, आपण सगळे ज्याला पुम्बा म्हणतो, तो १९७१ पासूनचा. दोन्ही संस्था एकाच शहरात इतकी वर्षं आहेत, आणि तरी एमबीएच्या मुलाला चाकणच्या औद्योगिक वसाहतीचं नाव मुलाखतीच्या आदल्या दिवशी नीट वाचावं लागतं.

आता उदाहरणांविषयी थोडं अधिक, कारण मला सर्वांत जास्त तळमळ याचीच आहे.

प्रसंगाभ्यासाची, म्हणजे केस स्टडीची, पद्धत हार्वर्डने शंभर वर्षांपूर्वी रुजवली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने ती आपल्या देशात रुजवली. पद्धत उत्तम आहे. पण आपल्या वर्गात येणारे प्रसंग कुठले असतात? बहुतेक परदेशी कंपन्यांचे, तेही बऱ्याच वर्षांपूर्वीचे. हिंजवडीला जाताना ज्याची बस दोन तास अडकते त्या मुलाला आपण अमेरिकेतल्या विमान कंपनीचं वेळापत्रक शिकवतो. आणि इथे, पुण्याच्या परिसरात, जागतिक दर्जाचे प्रसंग पडून आहेत. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००९ मध्ये स्कूटर बंद करण्याचा निर्णय का घेतला, आणि दहा वर्षांनी 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला देऊन ती परत का आली? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, तरी तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला, डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आणि २०२३ मध्ये तो ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. या मधल्या काळात तिथल्या कामगारांचं काय झालं, नुकसानभरपाई आणि पुनर्नियुक्ती यांवर कुठल्या कायद्याखाली भांडण झालं, हा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा सबंध एक सत्राचा धडा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. दोन दिवसांच्या फरकाने सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. १९०६ पासूनची बँक त्यातून कशी सावरली? रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. त्या नऊ वर्षांत विलीनीकरणाचे प्रयत्न का फसले? पेठांमधल्या कित्येक घरांत हा प्रश्न अजून दुखरा आहे.

हे निर्णय घेणारी, त्यांची अंमलबजावणी करणारी, त्यांचा फटका सोसणारी माणसं आपल्याच शहरात राहतात. निगडी प्राधिकरणात, कोथरूडला, सहकारनगरात सकाळी फिरायला भेटतात. प्लँट हेड, युनियनचे जुने पदाधिकारी, खरेदी विभागातले, बँकेच्या शाखांमधले. त्यांची आठवण ताजी आहे, वयं मात्र वाढत आहेत. विद्यापीठाने पुणे प्रसंगसंग्रह हाती घ्यावा. प्रत्येक प्रसंगासाठी एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी आणि त्या घटनेतली एक-दोन माणसं. सार्वजनिक कागदपत्रं, न्यायालयीन निकाल, वार्षिक अहवाल यांच्या आधाराने लिहावं, कंपनीची गोपनीय माहिती वगळावी, आणि ते मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे उपलब्ध असावं. मराठीत हवंच, कारण वर्गातली अर्धी चर्चा मराठीत होते आणि तिथेच मुलं खरं बोलतात. हा संग्रह झाला तर इतर विद्यापीठंही तो मागून घेतील, याची मला खात्री आहे.

दुसरी तातडीची जागा म्हणजे उन्हाळी प्रकल्प. दुसऱ्या सत्रानंतरचे ते दोन महिने एमबीएच्या दोन वर्षांतले सर्वांत मोलाचे असू शकतात. प्रत्यक्षात अनेक मुलांना कुठली तरी विमा किंवा कर्जाची योजना विकायला पाठवलं जातं. काही ठिकाणी नुसतं पत्र मिळतं आणि अहवाल जुन्या अहवालावरून बेतला जातो. तोंडी परीक्षेत परीक्षकाकडे एकेका विद्यार्थ्यासाठी दहा मिनिटं असतात. त्यात तो अहवाल त्या मुलाने खरंच केला आहे का हे ओळखायला, ते काम स्वतः केलेला माणूस लागतो. गोदामात चक्रीय मोजणी, म्हणजे थोडा थोडा माल आळीपाळीने मोजण्याचं काम, केली असं लिहिणाऱ्या मुलाला तो विचारेल की तफावत निघाली तेव्हा नोंद कुणाच्या सहीने दुरुस्त केली? पुढचं लगेच कळतं. मुलाला अडकवण्यासाठी हे नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे दोन महिने उन्हातान्हात काम केलं, त्यांना आज नक्कल करणाऱ्यांइतकेच गुण मिळतात, हा अन्याय थांबावा म्हणून हे हवं. प्रत्येक संस्थेच्या तोंडी परीक्षेला सूचीतला एक व्यवसायातला परीक्षक असावा, आणि प्रकल्प सुरू होतानाच त्याने विषयाला मान्यता द्यावी, शेवटी येऊन सही करू नये.

बीबीएकडेही लक्ष द्यावं. २०२४-२५ पासून ते अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना एमबीएपर्यंत थांबायला लावू नका. बिल, चलन, डिलिव्हरी मेमो आणि बँकेचं विवरण हातात दिलं तर पहिल्या वर्षाची मुलंही बरोबर हिशेब मांडतात.

आता माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द, कारण आपण नुसतं विद्यापीठाकडे बोट दाखवून चालणार नाही. वर्गात जायचं तर तयारी करावी लागेल. एका तासाला निदान तीन तास घरी बसावं लागतं. आपल्या काळातलं कौतुक सांगण्यापेक्षा फसलेला निर्णय कागदावर मांडून मुलांपुढे ठेवणं अधिक उपयोगाचं. कंपनीची गोपनीयता पाळून आकडे बदलता येतात, प्रमाण तेच ठेवता येतं. उत्तरपत्रिका तपासाव्या लागतील, वेळेत गुण द्यावे लागतील, परीक्षेचे नियम पाळावे लागतील. मुलं वेळेवर येत नाहीत म्हणून रागावून तास सोडून जाता येणार नाही. इंग्रजी अडखळणाऱ्या मुलाचा मुद्दा नीट ऐकावा लागेल, कारण जुन्नर-बारामतीकडून आलेल्या मुलांना व्यवहार अनेकदा आपल्यापेक्षा बरा कळतो. द्राक्षाच्या बागेचं कर्ज आणि व्यापाऱ्याची उचल त्यांनी घरात पाहिलेली असते. आणि ज्यांना सत्रभर बांधून घेणं जमणार नाही त्यांनी जबाबदारी स्वीकारू नये. मधेच सोडलेला विषय मुलांचं नुकसान करतो.

आजही नोकरीत असलेल्यांना कंपनीने मोकळीक द्यावी लागेल. मोठ्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून इमारती आणि संगणक देतात, त्याचा उपयोग आहेच. त्यांनी चाळिशीतला एक चांगला खरेदी व्यवस्थापक सत्रभर शनिवारची अर्धी पाळी सोडून दिला तर वर्गाला त्याहून जास्त मिळेल. निवृत्तांपेक्षाही अशा माणसांची गरज मोठी आहे. माझ्या अनुभवातला बराच भाग कागदी चलनांच्या काळातला आहे, त्यांचा आजचा आहे.

संचालकांना एक साधी विनंती: मानधन कितीही असो, ते सत्र संपताच द्या. प्रवासखर्चाच्या पावत्यांसाठी तीन-तीन खिडक्या फिरायला लावू नका. अभ्यागत शिक्षकाला ग्रंथालयाचं कार्ड, बसायला एक टेबल आणि विभागाच्या बैठकीचं बोलावणं असू द्या. अभ्यासक्रम बदलताना अभ्यास मंडळाने त्याचं म्हणणं लेखी मागवावं. शिकवणाऱ्याला कोणता घटक कालबाह्य झाला हे आधी कळतं.

कुलगुरू महोदय, पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी आपण विद्यापीठात एक बैठक बोलवावी. संलग्न संस्थांचे संचालक, मराठा चेंबर, पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांच्या संघटना आणि आमच्यासारखे शिकवायला तयार असलेले लोक त्यात असावेत. सुरुवात मोजक्या संस्थांपासून आणि वित्त, उत्पादन, खरेदी-पुरवठा व मनुष्यबळ अशा चार विषयांपासून करता येईल. वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांचं म्हणणं लेखी घ्या आणि ते जाहीर करा, आमच्या विरोधात गेलं तरी.

मला शनिवारचे तास चालतील, आणि चाकण-भोसरीकडच्या माझ्या ओळखीच्या अनेकांनाही. विषय कोणता द्यायचा, कुणाबरोबर जोडी लावायची, हे विभागप्रमुखांनी ठरवावं.

आपला विश्वासू,
एक अभ्यागत शिक्षक
चिंचवड, पुणे